नर्सिंगच्या विद्यार्थिनींना रुग्णसुरक्षा माहीत आहे, तरी त्या वॉर्डात गप्प राहतात : हे मोजायचे कसे?

प्रश्न
(एम.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी, परळ)

नमस्कार. मी मुंबईत मेडिकल-सर्जिकल नर्सिंग या विषयात एम.एस्सी. करत आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या आणि सातव्या सत्रातील विद्यार्थ्यांचे रुग्णसुरक्षेविषयीचे ज्ञान आणि वृत्ती हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शक मॅडमनी प्रश्नावली तपासून दिली, पायलटही (मुख्य अभ्यासाआधी थोड्या जणींवर घेतलेली चाचणी) झाला, आणि पायलटची उत्तरे हातात आल्यावर माझी खरी अडचण सुरू झाली.

उत्तरे फार चांगली आली आहेत. हात धुण्याचे पाच प्रसंग बहुतेक जणींनी क्रमाने लिहिले आहेत. औषध देताना पाळायचे 'राइट्स' (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा असे नियम) त्यांना तोंडपाठ आहेत. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात आणि फुटलेली काच निळ्या डब्यात टाकायची, हेही त्यांनी बरोबर सांगितले आहे. वृत्तीच्या भागात 'माझ्या हातून किंवा माझ्यासमोर चूक झाली तर मी ती कळवीन' या विधानापुढे जवळजवळ सगळ्यांनी 'पूर्ण सहमत' या रकान्यात खूण केली आहे. या कागदांवर विसंबून प्रबंध लिहायचा तर ज्ञान उत्तम आणि वृत्ती अनुकूल एवढेच त्यात येईल, आणि ते खरे नाही असे मला वाटते.

असे का वाटते ते सांगते. मी ज्या पुरुष मेडिकल वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर असते, तिथे एका दुपारी जेवणाआधीचे इन्सुलिन देणे सुरू होते. वॉर्डातली व्हायल ४० युनिट प्रति मिलिलिटरची होती. वॉर्डातल्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून एका रुग्णाच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली सिरिंज वापरली गेली. ती नारिंगी टोपीची, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची होती. स्टाफ सिस्टरने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले आणि दिले. त्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर, म्हणून २० युनिट लिहिलेल्या त्या रुग्णाला प्रत्यक्षात फक्त ८ युनिट मिळाले. ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने टोपीचा रंग पाहिला होता आणि काय घडते आहे हे तिला त्याच क्षणी कळले होते. ती काहीच बोलली नाही. अर्ध्या तासाने तिने मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात सांगितले. मी लगेच इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घातले, डॉक्टरांना बोलावले, साखर पुन्हा तपासली गेली आणि पुढचे सगळे व्यवस्थित पार पडले. हीच मुलगी पायलटमध्ये होती आणि तिनेही 'पूर्ण सहमत' लिहिले होते.

माझ्या अडचणी अशा आहेत. हा फरक पकडू शकेल असे एखादे मान्य साधन आहे का? ज्ञान आणि वृत्ती यांचे गुण वेगवेगळे मांडण्यात अर्थ आहे का, की प्रत्यक्ष वागणुकीविषयीही स्वतंत्र विचारावे? आणि मी त्यांची क्लिनिकल इन्स्ट्रक्टरही असल्यामुळे त्या मला खरे उत्तर देतील, अशी व्यवस्था कशी करावी? अध्यापक, स्टाफ सिस्टर आणि विद्यार्थी, सगळ्यांच्या उत्तरांची वाट पाहते.


उत्तर १
(निवृत्त मेट्रन, दादर)

पायलटची चांगली उत्तरे स्वीकारून पुढे जाणे तुम्हाला सोपे होते. तुम्ही तसे केले नाही, याचे मला समाधान वाटले.

माझी नोकरी मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डांत गेली. त्या अनुभवावरून सांगते की ती मुलगी गप्प राहिली याचे कारण ज्ञानात शोधू नका, आणि तिच्या मनातही शोधू नका. बोलल्यावर पुढे काय होते, हे तिने आधीच्या पोस्टिंगमध्ये पाहिलेले असते. पहिल्या वर्षाची मुलगी वॉर्डात येते तेव्हा ती प्रश्नांनी सिस्टरांना भंडावून सोडते. दुसरे वर्ष संपेपर्यंत तिचे प्रश्न बंद होतात. मधल्या काळात तिला कोणीही 'बोलू नकोस' असे शिकवलेले नसते. औषधाची वेळ चुकली हे ज्या सिस्टरने स्वतःहून सांगितले तिच्याकडून लेखी खुलासा मागितला गेला, आणि जिने चार्टवर वेळ जुळवून लिहिली तिला कोणी एका शब्दानेही विचारले नाही, असे एकदा जरी तिच्या डोळ्यांसमोर घडले तरी वर्गातली सगळी व्याख्याने त्यापुढे फिकी पडतात. म्हणून तिच्या वृत्तीचे मोजमाप करताना ती ज्या वॉर्डात घडली त्या वॉर्डाचेही मोजमाप करा, असा माझा आग्रह आहे.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया आणि डेंग्यूचे रुग्ण वाढले की आपल्याकडे खाटा पुरत नाहीत आणि दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकाव्या लागतात, हे मुंबईच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात काम केलेल्याला सांगायला नको. मेडिकलची गर्दी मग सर्जिकल वॉर्डातही येते. अशाच एका स्त्री सर्जिकल वॉर्डात खाटेवरची बाई १४ नंबरची होती आणि त्या खाटेशेजारी गादीवर असलेल्या बाईलाही सगळे १४ नंबरच म्हणत असत. सकाळी थिएटरमधून मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली घेऊन आले आणि त्यांनी '१४ नंबर पाठवा' असे सांगितले. एका बाईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि दुसरी हर्नियासाठी दाखल होती. त्या दिवशी तिचे नाव यादीत नव्हते. ट्रॉलीवर चढवले जात होते ते तिलाच. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पुढे झाली आणि तिने त्या बाईला विचारले, 'मावशी, तुमचे पूर्ण नाव सांगा, आणि तुमचे कसले ऑपरेशन आहे तेही सांगा.' तिने 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले नाही, हे लक्षात घ्या. घाबरलेला, उपाशी ठेवलेला रुग्ण कुठल्याही नावाला मान डोलावतो. बाईने नाव सांगितले, सगळे थांबले, केस पेपर काढला गेला आणि ट्रॉली दुसऱ्या बाईसाठी वळवली गेली.

इन्चार्ज सिस्टरांनी नंतर जे केले त्याला माझ्या लेखी अधिक मोल आहे. दुपारी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्यांचा स्टाफ समोर असताना, त्यांनी घडलेली गोष्ट कोणाचेही नाव न घेता जशीच्या तशी सांगितली. विद्यार्थिनीचे नाव मात्र त्यांनी आवर्जून घेतले. त्याच दिवसापासून गादीवरच्या रुग्णांना १४ अ, १५ अ असे स्वतंत्र क्रमांक दिले गेले आणि रुग्णाला नुसत्या क्रमांकाने पुकारायचे नाही असे ठरले. पुढे त्या वॉर्डातून ज्या तुकड्या गेल्या, त्यांतल्या मुली मोकळेपणाने बोलत. मुली काही वेगळ्या आल्या नव्हत्या, सिस्टर वेगळ्या होत्या.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. वॉर्डात प्रत्यक्ष काय प्रमाण असते ते तुम्ही रोज पाहता. रात्रपाळीत मोठा वॉर्ड एकटीने सांभाळणारी सिस्टर विद्यार्थिनीवर खेकसली तर ते योग्य नव्हे, पण त्यामागचा थकवा खरा असतो. तुमच्या प्रश्नावलीत मनुष्यबळाचा आणि कामाच्या तासांचा उल्लेखच नसेल, तर सगळा दोष आपोआप विद्यार्थिनीच्या किंवा स्टाफच्या स्वभावावर जाऊन पडेल, आणि तसे होऊ देऊ नका.


उत्तर २
(नर्सिंग महाविद्यालयातील अध्यापक, अंधेरी)

मेट्रन मॅडमनी मुळावर बोट ठेवले आहे. मी साधनांविषयी लिहितो, आणि एका मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे तेही मांडतो.

तुमच्या कामाची दोन साधने मला माहीत आहेत. पहिले 'अॅटिट्यूड्स टु पेशंट सेफ्टी क्वेश्चनेअर', ज्याला संशोधक 'एपीएसक्यू' म्हणतात. ते मूळचे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तयार झाले, पण नंतर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरही वापरले गेले. त्यात चूक कळवण्याविषयीचा आत्मविश्वास, चुका अटळ असतात ही समज, कामाचे लांबलेले तास हे चुकीचे कारण मानणे, चूक म्हणजे व्यक्तीची अकार्यक्षमता असे मानणे, रुग्णाला चूक सांगण्याची जबाबदारी, संघाने काम करणे, रुग्णाचा सहभाग असे वेगवेगळे पैलू आहेत. मॅडमनी कामाच्या तासांचा जो मुद्दा काढला, त्याला या साधनात आधीच जागा आहे. या पैलूंची बेरीज करून एकच आकडा काढण्याच्या मोहात पडू नका. एखादी विद्यार्थिनी संघकार्याला पूर्ण गुण देईल आणि त्याच वेळी चूक म्हणजे अकार्यक्षमताच असेही ठामपणे मानेल. तुमचा सगळा विषय याच विसंगतीत आहे आणि बेरजेत ती नाहीशी होते.

दुसरे साधन कॅनडात तयार झालेले 'एच-पेप्स' (हेल्थ प्रोफेशनल एज्युकेशन इन पेशंट सेफ्टी सर्व्हे) हे आहे. त्यात एकाच बाबीविषयी दोनदा विचारले जाते : हे तुम्ही वर्गात शिकलात का, आणि हे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या ठिकाणी शिकलात का. तुमच्या पायलटमध्ये जो फरक दिसला नाही, तो या दोन रकान्यांमधल्या अंतरात दिसण्याची शक्यता आहे. मात्र हे साधन ज्ञान मोजत नाही, विद्यार्थ्याला स्वतःच्या ज्ञानाविषयी किती खात्री वाटते ते मोजते. ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा. कोणतेही साधन मराठीत आणताना मूळ कर्त्यांची परवानगी घ्या, भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि विश्वासार्हता आपल्या नमुन्यावर नव्याने तपासा.

आता माझे वेगळे मत. विद्यार्थिनींना ज्ञान आहे, अडचण फक्त वातावरणाची आहे, असे म्हणायला मी अजून तयार नाही. तुमची ज्ञानाची प्रश्नावली पाठांतर तपासते. 'औषध देण्याचे राइट्स लिहा' या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात तुमचेच उदाहरण वेगळ्या तऱ्हेने घालतो. व्हायल १०० युनिटची आहे, सिरिंज लाल टोपीची म्हणजे ४० युनिटची आहे, २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला किती गेले? उत्तर ५० युनिट, म्हणजे अडीचपट, आणि रुग्णाची साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. हे उत्तर पटकन देणारे थोडे असतात. तुमची विद्यार्थिनी टोपीचा रंग पाहून ओळखू शकली हे तिचे कौशल्य आहे, पण ते सगळ्यांकडे आहे असे गृहीत धरू नका. ज्ञानाच्या भागात पाठांतराचे प्रश्न कमी करून असे छोटे प्रसंग द्या. प्रत्येक प्रसंगाखाली आधी विचारा की यात काय चुकले आहे, आणि मग विचारा की तुम्ही तिथे उभ्या असता तर पुढच्या दोन मिनिटांत नेमके काय केले असते. पहिले उत्तर बरोबर आणि दुसरे 'नंतर मॅडमना सांगितले असते' असे आले, की ज्ञान आणि कृती यांच्यातली दरी तुम्हाला कागदावर सापडली.

विषयाला पार्श्वभूमी लागेल म्हणून एवढे नोंदवतो. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 'टु एर इज ह्यूमन' हा अहवाल काढला आणि त्या देशातल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला, तेव्हापासून या विषयाकडे जगाचे लक्ष गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये नर्सिंगसह सर्व आरोग्यशाखांसाठी रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम-मार्गदर्शक प्रसिद्ध केला, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या केंद्र सरकारने २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा आखला होता. प्रस्तावनेत हे यावे, पण दोन परिच्छेदांपेक्षा अधिक नको. आपल्या प्रबंधांत प्रस्तावना फुगते आणि वॉर्ड कुठेच दिसत नाही.


उत्तर ३
(तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कल्याण)

मॅडम, मी लिहावे की नाही याचा बराच विचार केला. तुम्ही विद्यार्थ्यांनाही विचारले आहे म्हणून लिहिते.

आम्ही गप्प का राहतो याचे कारण फार साधे आहे. आमच्या प्रोसीजर बुकवर (वॉर्डात केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) ज्या सिस्टरांची सही लागते, त्यांच्याच हातात ट्रॉली असते. महिनाभर त्याच वॉर्डात राहायचे असते. एकदा बोलले आणि त्यांना राग आला, तर पुढचे सगळे दिवस मला बेड करणे आणि नमुने लॅबमध्ये पोहोचवणे एवढेच काम मिळते. कॅथेटर घालायला किंवा रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकायला कोणी जवळ उभे करत नाही आणि माझ्या केसेस अपुऱ्या राहतात. सगळ्याच सिस्टर अशा नसतात, काही तर आमच्या ट्यूटरपेक्षा जास्त शिकवतात. पण कोणत्या सिस्टर कशा आहेत हे पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून आम्ही आधी गप्प राहून पाहतो.

दुसरे म्हणजे आपले बरोबर आहे याची खात्री नसते. वॉर्डात पुस्तकापेक्षा खूप गोष्टी वेगळ्या होतात. त्यातली कोणती जागेच्या आणि सामानाच्या अडचणीमुळे झालेली चालणारी तडजोड आहे आणि कोणती खरोखर धोक्याची चूक आहे, हे आम्हाला कोणीच बसवून समजावलेले नाही. मग चुकीच्या जागी बोलून हसे होण्यापेक्षा न बोललेले बरे वाटते.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या सुरक्षेची आहे. माझ्या बॅचच्या एका मुलीला रात्रपाळीत रक्त घेतल्यावर सुई टोचली. तिने ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणालाच सांगितले नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नसते, म्हणून 'सुईला टोपण का लावलेस' हाच प्रश्न आधी विचारला जाईल, अशी तिला भीती होती. रात्री नेमके कुठे जायचे हेही तिला माहीत नव्हते. वर्गात हा धडा आम्ही दोघींनी शेजारी बसून शिकलो होतो. मॅडम, तुमच्या प्रश्नावलीत 'तुम्हाला कधी सुई टोचली आहे का, आणि टोचल्यावर किती वेळाने तुम्ही सांगितले' हे जरूर विचारा.


उत्तर ४
(अतिदक्षता विभागातील स्टाफ सिस्टर, घाटकोपर)

वरच्या विद्यार्थिनीचे पत्र वाचून फार वाईट वाटले, म्हणून आधी तिच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी लिहिते. सुई टोचली तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. त्याच क्षणी ड्यूटीवरच्या सिस्टरला आणि डॉक्टरला सांगा. ज्या रुग्णाची सुई होती त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची स्थिती पाहिली जाते. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार गरजेचा ठरला तर तो शक्यतो दोन तासांत सुरू व्हावा लागतो आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरला जात नाही. म्हणजे रात्री लपवून दुसऱ्या दुपारी सांगणे म्हणजे सगळ्यात मोलाचे तास घालवणे आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस वॉर्डात येण्यापूर्वी पूर्ण झाले आहेत का, हे प्रत्येकीने आजच तपासा. मोठ्या रुग्णालयांत रात्रीही अपघात विभागात हे औषध ठेवलेले असते. ते तुमच्या रुग्णालयात कुठे मिळते, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्याकडे विद्यार्थिनी येतात तेव्हा मी त्यांना सुरुवातीलाच पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल दाखवते. १० मिलिलिटरच्या त्या छोट्या काचेत २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलशेजारी ते ठेवले तर घाईच्या वेळी हात कुठे जाईल हे सांगता येत नाही, म्हणून ते वेगळ्या कप्प्यात, लाल खूण करून, कुलपात ठेवायचे आणि काढताना दोघींनी लेबल मोठ्याने वाचायचे. हा नियम विद्यार्थिनीलाही लागू आहे आणि मलाही. माझ्याबरोबर लेबल वाचणारी दुसरी व्यक्ती बऱ्याचदा विद्यार्थिनीच असते. तेव्हा तिला माझी चूक काढण्याचे धाडस करावे लागत नाही, कारण तपासणे हेच तिला दिलेले काम असते. धाडसावर अवलंबून न राहता कामाची पद्धतच अशी बसवली तर लाजरी मुलगीही बोलते, असा माझा अनुभव आहे.

त्याचबरोबर मी त्यांना बोलायची काही वाक्येही देते, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. 'सिस्टर, व्हायल आणि सिरिंज एकदा माझ्याबरोबर बघाल का?' हे वाक्य कोणालाही लागत नाही. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितले तर ते लिहून घेऊन, 'सर, मी वाचून दाखवते' असे म्हणून नाव, मात्रा आणि मार्ग परत वाचायचा. आणि एवढे करूनही कोणी ऐकले नाही आणि रुग्णाला धोका दिसतो आहे, तर 'सिस्टर, मला हे सुरक्षित वाटत नाही, आपण थांबू या' असे स्पष्ट म्हणून इन्चार्जना बोलवायचे. ही वाक्ये आम्ही रिकाम्या वेळी एकमेकींवर म्हणून पाहतो. वर्गात इंजेक्शनचा सराव डमीवर होतो, तसा या बोलण्याचाही व्हायला हवा.

अंधेरीच्या सरांना एक विनंती आहे. 'दोष देऊ नका' एवढेच सांगून थांबू नका. सवयीने लेबल न वाचणारी व्यक्ती आणि तीन कामांच्या गर्दीत एकदा नजर चुकलेली व्यक्ती यांना एकाच मापाने तोलले, तर मनापासून काम करणाऱ्या सिस्टरांवर अन्याय होतो. विद्यार्थ्यांना हा फरक कळतो का, हेही प्रश्नावलीत यायला हवे.


प्रश्नकर्तीचे उत्तर

आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वाचता वाचता माझ्या आराखड्यात बरेच बदल करावेत असे ठरवले आहे. पाठांतराचे प्रश्न कमी करून इन्सुलिनचा, सारख्या क्रमांकाच्या रुग्णांचा आणि फोनवरच्या औषधाचा असे प्रसंग घालते. सवयीचा निष्काळजीपणा आणि घाईतली नजरचूक यांच्यातला फरक सांगायला लावणारा एक प्रसंगही घालते. कल्याणच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे सुई टोचण्याविषयी आणि ती कळवायला लागलेल्या वेळाविषयी स्वतंत्र प्रश्न असेल. मेट्रन मॅडमच्या सूचनेनुसार 'मी कळवीन' या विधानाऐवजी मागच्या पोस्टिंगमध्ये काय पाहिले, तेव्हा काय केले आणि त्यानंतर तुमच्याशी कोण कसे वागले, हे तीन प्रश्न एकापाठोपाठ विचारणार आहे.

एकच अडचण उरते. या तीन प्रश्नांची खरी उत्तरे आली तर त्यांत वॉर्डांचे आणि माणसांचे उल्लेख येणारच. ते कोणालाही भोवणार नाहीत आणि मुलींनाही भीती वाटणार नाही, यासाठी काय करावे?


उत्तर २ चे लेखक पुन्हा

तुम्ही स्वतः प्रश्नावली वाटू नका आणि गोळाही करू नका, हे पहिले. ज्या विद्यार्थिनींना तुम्ही गुण देता त्यांचा नमुना शक्य असेल तर टाळा आणि दुसऱ्या महाविद्यालयाची परवानगी घ्या. ते शक्य नसेल तर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जाहीर झाल्यानंतरच माहिती गोळा करा. वाटप अशा व्यक्तीकडून करून घ्या जिचा त्यांच्या सह्यांशी किंवा हजेरीशी संबंध नाही. भाग घेणे पूर्णपणे ऐच्छिक ठेवा आणि कोरा कागद पेटीत टाकण्याचीही मुभा द्या, म्हणजे कोणी नकार दिला हे शेजारणीलाही कळणार नाही. संमतिपत्र सहीचे असते, म्हणून त्याची पेटी वेगळी ठेवा.

प्रश्नावलीवर नाव, हजेरी क्रमांक किंवा पोस्टिंगची तारीख नको. तुकडी लहान असेल तर वय आणि मूळ जिल्हाही विचारू नका, कारण एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखू येते. 'रुग्णालयाचे, वॉर्डाचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये' अशी सूचना त्या तीन प्रश्नांच्या वरच ठळक अक्षरांत छापा. तरीही कोणी लिहिलेच तर ते उत्तर संगणकात भरतानाच नाव काळे करा. ही सगळी पद्धत संस्थेच्या नैतिकता समितीपुढे आधीच लिहून द्या.

आणि समितीला एक गोष्ट आधीच विचारून ठेवा, जी सहसा कोणी विचारत नाही. एखाद्या उत्तरातून रुग्णाला आजही चालू असलेला धोका कळला, उदाहरणार्थ एखाद्या ठिकाणी दोन्ही तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जातात असे दिसले, तर संशोधक म्हणून तुम्ही ते कोणाला आणि कशा शब्दांत कळवायचे? प्रबंध पूर्ण होईपर्यंत थांबणे योग्य होणार नाही. माझ्या मते विद्यार्थिनींचा उल्लेख पूर्ण टाळून परिचर्या अधीक्षकांना फक्त सामानाच्या मांडणीविषयी लेखी सूचना देता येते, आणि अशी सूचना दिली जाईल हे माहितीपत्रकात विद्यार्थिनींना आधी सांगितलेले असावे. समितीचा निर्णय आला की इथे जरूर कळवा. माझ्याकडच्या दोन विद्यार्थिनी पुढच्या वर्षी याच विषयावर काम करणार आहेत आणि त्यांनाही तो लागेल.